चुनखडीच्या परसात स्ट्रॉबेरी

आमच्या परसातली माती काळी आणि भारी आहे. एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की आबांची काठी हातभर आत जाते, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर तीच माती चपलेला धरून बसते. घर बारामती तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं सगळं आयुष्य ऊस करण्यात गेलं. या मातीत ऊस येतो, गहू-हरभरा येतो, कांदा येतो. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी भिलारहून स्ट्रॉबेरीची बारा रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली आणि तुळशीमागे वाफा करून लावली.

पंधरा-वीस दिवसांत नवी पानं पिवळी येऊ लागली. जुनी पानं हिरवीच होती. नव्यानं उलगडणारं पान मात्र फिकट, आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी उठून दिसायची. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं, तसा पिवळेपणाही वाढला. चिमूटभर युरिया टाकून पाहिला, फरक पडला नाही. डिसेंबरात पानांच्या कडा करपल्या. त्या हंगामात मला नऊ फळं मिळाली. बोराएवढी आणि आंबट.

आबा रोज सकाळी वाफ्याशी येऊन उभे राहायचे, बोलायचे नाहीत. एक दिवस वाकून त्यांनी एक पान उलटंपालटं करून पाहिलं. ‘‘अगं, ह्याला केवडा पडलाय,’’ म्हणाले. ‘‘खोडव्याला पडतो तसाच. दोष मातीचा हाय, तुझा न्हाय.’’

केवडा हा आपल्या शेतकऱ्यांचा शब्द. ऊस, भुईमूग, द्राक्ष अशा पिकांची कोवळी पानं केवड्याच्या पातीसारखी पिवळट-पांढरी पडली की ‘केवडा पडला’ म्हणतात. कारण लोहाची कमतरता. लोहाशिवाय पानात हरितद्रव्य तयार होत नाही, आणि जुन्या पानातलं लोह रोपाला नव्या पानाकडे सहज नेता येत नाही, म्हणून पहिली झळ कोवळ्या पानाला बसते. ज्या रोपाशी आबांचा उभ्या जन्मात संबंध आला नव्हता, त्याचा आजार त्यांनी उसाच्या अनुभवावर ओळखला.

माती तपासून घेतली. सामू (पीएच) ८.४. मुक्त चुना ११ टक्के. उपलब्ध लोह दशलक्ष भागांत २.८, ते साडेचारच्या खाली असलं की कमतरता समजतात. स्ट्रॉबेरीला सामू हवा साडेपाच ते साडेसहा. अहवाल हातात देताना माती तपासणाऱ्या ताईंनी सांगितलं की काळ्या मातीत लोह भरपूर असतं, ते विरघळत नाही एवढंच. सामू एका अंकानं वर सरकला की मातीतल्या पाण्यात विरघळलेलं फेरिक लोह हजार पटीनं कमी होतं. आमचा सामू स्ट्रॉबेरीच्या गरजेपेक्षा दोन अंकांनी वर होता. जमिनीत लोहाचं कोठार होतं, पण रोपाच्या मुळाला त्याचं दार बंद होतं.

या पट्ट्याचं दुखणं जुनं आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. बारमाही पाणी आलं, ऊस आला, आणि पाठोपाठ खोलगट जमिनी खारवट आणि चोपण होऊ लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारजमिनींवरची पुस्तिका १९१० मध्ये काढली, म्हणजे कालव्याला पंचवीस वर्षं होतात न होतात तोच. आमचं परस चोपण झालेलं नाही, एवढं आमचं नशीब. पण जे पाणी आम्ही झाडांना घालतो ते त्याच खोऱ्यातल्या बोअरचं, आणि त्याच्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं.

पुढच्या ऑक्टोबरात मी पुन्हा भिलारला गेले. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधलं हे गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण मुळात ते स्ट्रॉबेरीचं गाव. ब्रिटिशांनी डोंगरावर आणलेलं हे पीक इथल्या शेतकऱ्यांनी असं आपलंसं केलं की २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. लागवडीची घाई चालली होती. गुडघ्याएवढे उंच बेड, त्यावर मल्चिंगचा कागद, कागदाखाली ठिबकची नळी आणि ठरावीक अंतरावरच्या भोकांत रोपं लावणाऱ्या बायका. इथे रोपाला कोणी रोप म्हणत नाही. परदेशातून येतं ते ‘मदर’, आणि पावसाळ्यात वाईच्या बाजूच्या रोपवाटिकांत त्याला धुमारे फुटून तयार होतं ते ‘रनर’. डोंगरावरचा पाऊस कोवळ्या रनरला सोसत नाही, म्हणून त्याचं बाळपण खाली वाईकडे जातं.

एका बागायतदार आक्कांच्या बांधावर मी बसले होते. केवड्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी बेडमधली मूठभर माती उचलून माझ्या ओंजळीत टाकली. तांबडी, हलकी, बोटांतून सुटून जाणारी. ‘‘पाणी धरून बसत न्हाय बघा ही,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘कितीबी पाऊस पडू द्या, सकाळच्याला वाफसा.’’

ती मूठभर माती रुमालात बांधून घरी आणली. एका बशीत ती ठेवली, दुसऱ्या बशीत परसातली काळी. फरशी साफ करायच्या ॲसिडचा एकेक थेंब दोन्हींवर टाकला. (ही परीक्षा लहान मुलांना लांब ठेवून, उघड्यावर आणि हातमोजे घालूनच करावी.) तांबडी माती गप्प राहिली. काळी माती ताज्या सोड्यासारखी फसफसून वर आली. तो आवाज चुन्याचा. वर्षभर जे अहवालात वाचत होते ते कानांनी ऐकलं.

खरं तर दोन्ही मातींचा बाप एकच. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि आमच्या रानाखाली एकच दख्खनचा काळा पत्थर, बसाल्ट. फरक केला तो पावसानं. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्या पाण्यानं लाखो वर्षांत खडकातला चुना, मॅग्नेशियम, सोडियम सगळं धुऊन नेलं. मागे राहिला तो लोह-ॲल्युमिनियमचा जांभा आणि त्याची आम्लधर्मी तांबडी माती. आमच्याकडे पाऊस पाचशेच्या आसपास. एवढ्या पाण्यात चुना वाहून जात नाही, तो खाली उतरतो आणि चुनखडीचे खडे होऊन तिथेच बसतो. महाबळेश्वरची थंडी सगळ्यांना माहीत असते, आणि स्ट्रॉबेरी म्हटलं की लोक थंडीचंच बोलतात. माझ्या मते थंडीइतकंच महत्त्वाचं काम तिथल्या धुऊन निघालेल्या मातीचं आहे. आमच्या गावातही डिसेंबर-जानेवारीच्या रात्री स्ट्रॉबेरीला पुरेल इतका गारवा असतो. नसते ती चुन्यापासून मोकळी माती.

मग ही माती आंबट करता येणार नाही का? सगळे हाच प्रश्न विचारतात, आणि उत्तरादाखल लिंबाच्या साली, चहाचा चोथा, ताक, कॉफी असे उपाय सांगतात. मी यातले बहुतेक करून पाहिले. लिंबाचं आम्ल मातीतले जिवाणू खाऊन टाकतात आणि चुना होता तिथेच राहतो. शास्त्रीय उपाय गंधकाचा. मातीतले जिवाणू गंधकाचं गंधकाम्ल करतात आणि सामू उतरतो. पण आमच्या मातीसाठी हिशेब मांडून बघा. दहा बाय चारचा वाफा, एक फूट खोल, म्हणजे सुमारे १,४०० किलो माती. त्यात ११ टक्के चुना, म्हणजे दीडशे किलोहून जास्त. एक किलो चुना संपवायला ३२० ग्रॅम गंधक लागतं. एका वाफ्याला पन्नास किलोची अख्खी गोण! शिवाय त्यातून अडीचशे किलोहून जास्त जिप्सम तयार होऊन वाफ्यातच पडून राहणार. आणि खालच्या मातीतून, बोअरच्या पाण्यातून नवा चुना येतच राहणार. तांबड्या किंवा मुरमाड जमिनीत, जिथे मुक्त चुना नाही, तिथे मूठभर गंधक काम करतं. चुनखडीच्या जमिनीत हा पैसा वाया जातो. जिप्समचंही तसंच. ते चोपण जमिनीचं औषध आहे, तिथे त्याचा खरा उपयोग होतो. चुनखडीचा सामू त्यानं उतरत नाही.

स्ट्रॉबेरी एवढी नाजूक का, हे समजायला तिची वंशावळ पाहावी लागते. आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपात जन्माला आली. अमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी अभियंता दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे स्पॅनिश किल्ले पाहून १७१४ मध्ये परतला, तेव्हा त्यानं चिलीतली मोठ्या फळाची पाच रोपं सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात जगवून आणली. फ्रान्समध्ये ती वाढली, पण फळेनात, कारण पाचही मादी होती. पुढे त्यांच्याजवळ उत्तर अमेरिकेतली लहान फळाची, सुवासिक स्ट्रॉबेरी लावली गेली आणि दोघींचा संकर झाला. हा संकरच आहे हे आंत्वान निकोला द्युशेन या १९ वर्षांच्या मुलानं १७६६ मध्ये ग्रंथ लिहून सांगितलं. यातली चिलीची आई प्रशांत महासागराकाठच्या वाळूत वाढणारी, उत्तरेकडचा बाप रानाकडेच्या पालापाचोळ्यात. दोघांची मुळं उथळ, दोघांनाही पाण्याचा निचरा हवा. काळ्या चिकणमातीचा स्वभाव त्यांना कुठून माहीत असणार?

आणखी एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. क्षार सोसण्याची पिकांची एक मर्यादा असते, ती विद्युत वाहकतेच्या एककात मोजतात. कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. ऊस १.७ पर्यंत. स्ट्रॉबेरीची मर्यादा फक्त १, आणि त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पन्न तेहतीस टक्क्यांनी घसरतं. परसात आमचा ऊस, कांदा निभावून जातो तेवढ्याच क्षारात स्ट्रॉबेरीची पानं कडेनं जळतात.

दुसऱ्या वर्षी मी जमिनीच्या वर गादीवाफा करायचं ठरवलं. विचार बरोबर होता, हात चुकला. निचऱ्यासाठी तळाला मुरूम भरला आणि वाफ्याच्या कडेनं सिमेंटच्या विटा रचून आतून गिलावा दिला. दिवाळीला रोपं छान होती, नाताळात पुन्हा केवडा. मुरमावर ॲसिडचा थेंब टाकला तर तोही फसफसला. आमच्याकडच्या मुरमात चुनखडी असतेच, आणि सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर झिरपून मातीत उतरतो. ज्याच्यापासून रोपांना वर उचललं, त्याचंच अंथरूण मी त्यांना घातलं होतं.

तिसऱ्या वर्षी जमले ते क्रेट. टोमॅटो बाजारात न्यायचे प्लास्टिकचे क्रेट आमच्या गावात घरोघरी असतात. सहा क्रेट घेतले. आतून हिरवी शेडनेट लावली, म्हणजे माती गळत नाही आणि पाणी थांबत नाही. सगळे क्रेट पालथ्या घमेल्यांवर ठेवले, काळ्या मातीला स्पर्श नको म्हणून. भरण्यासाठी दोन भाग कोकोपीट, एक भाग तांबडी माती, एक भाग गांडूळखत आणि थोडं भाताचं तूस. तांबडी माती मी डोंगरावरून उचलून आणली नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, तिथली माती तिथेच राहिली पाहिजे. पुण्याच्या रोपवाटिकांत मिळते ती घेतली, थेंब टाकून तपासून. कोकोपीटच्या विटेत मीठ असतं. ती भिजवून पाणी तीनदा काढून टाकलं. गांडूळखत आणि शेणखतातही क्षार असतात, म्हणून ‘जास्त खत, जास्त फळ’ हा हिशेब इथे चालत नाही. शेणखत घालायचंच तर पूर्ण कुजलेलं, आणि तेही थोडं.

एवढं करूनही निम्मं काम राहिलं होतं, आणि ते पाण्याचं. आमच्या बोअरचं पाणी बादलीत चार दिवस राहिलं की कडेला पांढरी पुटं धरतात. चहाच्या भांड्याच्या तळाशी खवले जमतात. तो बायकार्बोनेटचा चुना. आंबट माती भरून रोज असं पाणी घालणं म्हणजे मातीत रोज चिमूट चिमूट चुना मिसळणं. पाणी शुद्ध करायच्या यंत्राबरोबर मिळणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा आला ९८०. पन्हाळीखाली धरलेल्या पावसाच्या पाण्याचा आकडा आला २२.

महाबळेश्वरची माती ज्या पाण्यानं घडवली तेच पाणी आमच्याही पत्र्यावर पडतं, थोडं पडतं एवढंच. पण चोवीस रोपांना पुरेल इतकं? दिवसाला एका रोपाला तीनशे मिलिलिटर, हंगाम दीडशे दिवसांचा. हिशेब आला १,०८० लिटरचा. गोठ्याचा दहा बाय दहाचा पत्रा पाचशे मिलिमीटर पावसात चार हजार लिटरहून जास्त पाणी देतो. दोनशे लिटरचे निळे पिंप सहा घेतले. पहिल्या सरीचं पाणी धूळ-विष्ठेचं असतं, ते सोडून दिलं. पुढचं फडक्यातून गाळून भरलं, डास होऊ नयेत म्हणून पिंपांची तोंडं बांधली. परतीच्या पावसानं सहाही पिंप काठोकाठ भरून दिले. या चार वर्षांत केलेल्या सगळ्या खर्चात हाच खर्च मी पुन्हा डोळे मिटून करीन.

पावसाच्या पाण्यात चुना नाही, तसं अन्नही नाही. म्हणून आठवड्यातून एकदा विद्राव्य खत, लिटरला एक ग्रॅम. आणि वेगळ्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट, कारण स्फुरदाच्या खताबरोबर ते एकाच बादलीत मिसळलं की साका होऊन तळाला बसतं. कॅल्शियम कमी पडलं तर कोवळ्या पानांची टोकं काळी पडतात. चुन्याला एवढं दूर ठेवल्यावर कॅल्शियम हातानं मोजून द्यावं लागतं. ते रोपाला हवंच असतं, पण त्याच्या मापानं.

लोहाचंही सांगते. त्याच वर्षी चार रोपं मी मुद्दाम काळ्या मातीत ठेवली. केवड्यावर आबांचा उपाय हिराकशीचा, म्हणजे फेरस सल्फेटचा. पानांवर फवारलं तर काही दिवस हिरवेपणा येतो. चुनखडीच्या मातीत टाकलं तर ते लगेच बंदिस्त होतं. चिलेटेड लोह घेताना डब्यावरचं नाव वाचावं. ईडीटीएमधलं लोह सामू साडेसहाच्या वर टिकत नाही. ईडीडीएचए मात्र आमच्या ८.४ मध्येही टिकतं. ते दिल्यावर चारही रोपं पंधरवड्यात हिरवीगार झाली. पण पानांच्या कडा जळायच्या थांबल्या नाहीत, कारण त्यांना बोअरचंच पाणी होतं. माझ्या पहिल्या वाफ्याला एकाच वेळी दोन आजार होते, हे तेव्हा उमगलं.

लागवड मी दसरा ते दिवाळी या दरम्यान करते. जात विंटर डॉन. ही जात आणि स्वीट चार्ली, दोन्ही फ्लोरिडा विद्यापीठाच्या. तिथे स्ट्रॉबेरी हिवाळ्यात पिकवतात, म्हणून आपल्या हिवाळ्यात त्या रमतात. रोपाचा गाभा, जिथून पानं फुटतात तो, मातीच्या बरोबर पातळीवर हवा. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळं सुकतात. पहिल्या तीन आठवड्यांत आलेली फुलं मी खुडून टाकते. जीवावर येतं, पण रोप आधी भरलं पाहिजे. टोमॅटो, वांगी, मिरची जिथे होती ती माती स्ट्रॉबेरीला वापरत नाही, कारण मर रोग त्यांचा सामाईक.

डिसेंबरात फुलं आली आणि पहिली फळं वेडीवाकडी निघाली. स्ट्रॉबेरीच्या अंगावर ज्या बिया दिसतात त्या एकेक खरी फळं आहेत, आणि लाल गर म्हणजे फुलाच्या देठाचं फुगलेलं टोक. बी फळली की तिच्यातून निघणाऱ्या संप्रेरकानं तिच्याखालचा गर वाढतो. जाँ निच यांनी १९५० मध्ये कोवळ्या फळावरच्या बिया काढून हे सिद्ध केलं. मधमाशी जिथे पोचली नाही तिथे गर वाढत नाही आणि फळाला खळगा पडतो. महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. डोंगरावर माश्यांची वाण नाही. आमच्या परसात त्यांना बोलवावं लागलं. क्रेटच्या शेजारी कोथिंबीर फुलावर सोडली. फुलोरी माश्या आल्या, आणि जानेवारीपासून फळं सुडौल आली. बुलबुलांसाठी जाळी लागली. फेब्रुवारीत लाल कोळी आला, तो पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारत आटोक्यात ठेवला.

मार्चअखेर वहीत बेरीज केली. चोवीस रोपांची पाच किलो चारशे ग्रॅम स्ट्रॉबेरी. बाजारात एवढ्याला किती पैसे पडले असते हा हिशेब मी मांडला नाही. स्ट्रॉबेरी खुडल्यावर पुढे पिकत नाही, गोडी येत नाही; विकायचं फळ प्रवास सोसावा म्हणून थोडं आधीच काढावं लागतं. रोपावर पूर्ण पिकलेली, सकाळच्या गारव्यात खुडलेली स्ट्रॉबेरी काय असते, हे मला त्या जानेवारीत कळलं. आबांनी पहिलं फळ देवापुढे ठेवलं, मग निम्मं नातीला दिलं आणि निम्मं स्वतः खाल्लं. ‘‘आता लागली माती,’’ म्हणाले.

एप्रिलच्या उन्हात रोपं संपतात. चाळिशीच्या उन्हाळ्यातून ती जगवायचा खटाटोप मी सोडून दिला. दर वर्षी नवे रनर आणते. एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. बियांच्या पाकिटांवर निळ्या स्ट्रॉबेरीची चित्रं दिसतात. मीही एक पाकीट घेतलं होतं, त्यातून निव्वळ तण उगवलं. निळी स्ट्रॉबेरी जगात नाही, आणि संकरित स्ट्रॉबेरीची बी लावून आईसारखं रोप मिळत नाही. रनरच घ्या, रोपवाटिकेतून, मुळं पाहून.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा लागवडीचे दिवस चालू असतील. रोपं आणण्याआधी घरच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवा, परसातल्या मातीवर ॲसिडचा एक थेंब टाका. माती फसफसली तर तिला दोष देऊ नका, तिच्यात हरभरा पेरा; स्ट्रॉबेरीसाठी चार क्रेट वर ठेवा. पुढच्या मृगाच्या आधी पन्हाळीखाली पिंप मांडा. आणि या वर्षी रोपं आणलीच असतील, तर फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत ती लावून टाका.